सोनाक्काचे गाळणे

"पाणी निर्दोष आहे असे मी दाखवून दिले, तर उद्या आपण ते घ्याल ना, महाराज?"

महाराज बोलले नाहीत.

श्रेणिकने प्रश्न पुन्हा विचारला नाही. बरोबर आणलेल्या काचेच्या दोन बरण्या त्याने बस्तीच्या दगडी ओट्यावर, ऊन येत होते तेथे, नीट मांडल्या आणि हात जोडून तो बाजूला बसला.

दूधगंगेपासून कोसभर आत, सीमेलगतचे ते गाव. बस्ती म्हणजे तेथले जिनमंदिर. आवारात एक बांधीव विहीर; तिच्यावर लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप. त्या विहिरीत कोणी कधी पाय बुडविला नाही, की काठावर कोणी कपडा धुतला नाही.

महाराज दिगंबर मुनी होते. वय झालेले. विहार करीत आले आणि पाय चालेनात म्हणून थांबले.

मुनीचा नियम कठोर असतो. दिवसातून एकदा, उभ्याने, स्वतःच्या ओंजळीत, जे मिळेल ते अन्न आणि पाणी. नंतर दुसऱ्या दिवसापर्यंत थेंबही नाही. त्या ओंजळीत किडा दिसला, केस दिसला, की तो अंतराय. ओंजळ सुटते. मुनी खाली बसतो. उरलेला दिवस तसाच जातो.

त्या सकाळीही ओंजळ सुटली होती. ती पहिली वेळ नव्हती. प्रत्येक वेळी पाण्यात केसासारखे काहीतरी तरंगे, उन्हात चमके, आणि महाराज हात मोकळे करीत.

वैशाख होता. महाराजांचे ओठ फुटले होते.

पाणी घालणारी सोनाक्का, श्रेणिकची आई. सीमेवरच्या गावांतली मुले म्हणतात तसे तोही तिला आव्वा म्हणे. मुनींचा आहार जेथे शिजतो त्या सोवळ्या चौक्याचे पाणी ती वर्षानुवर्षे भरीत आली होती. आता गावात कुजबुज सुरू झाली होती. कोणी म्हणे तिची दृष्टी गेली, कोणी म्हणे तिच्या व्रतात खोट आहे. शेजारच्या बाळाबाईने तर सकाळी सर्वांदेखत विचारले होते, की हात थरथरतो तर माणसाने पुढे कशाला यावे.

 सोनाक्काने पाण्याचा तांब्या बाळाबाईच्या हाती दिला होता आणि ती विहिरीच्या कट्ट्यावर जाऊन बसली होती.

"बरण्यांत काय आहे?" महाराजांनी विचारले.

श्रेणिकचा चेहरा उजळला. या प्रश्नासाठीच तो पुण्याहून आला होता.

त्याने सांगितले, की ओंजळीत दिसतो तो केस नव्हे, किडाही नव्हे. तो प्लास्टिकचा धागा आहे. त्याहून बारीक असे असंख्य तुकडे पाण्यात असतात आणि ते डोळ्यांना दिसतही नाहीत. ते कुजत नाहीत, विरघळत नाहीत. मासा ते गिळतो, माशाला खाणारा माणूस गिळतो, आणि मासा न खाणारा माणूस पाण्यातून गिळतो. ते आता आईच्या दुधातही सापडतात. त्यांना पाण्यातून काढण्याचा एक उपाय त्याने आपल्या प्रयोगशाळेत सिद्ध केला होता. भिंतीच्या पांढऱ्या रंगात जे चूर्ण घालतात, तेच थोडे बदलून त्याने काचेच्या पट्ट्यांवर बसविले होते. पट्ट्या पाण्यात ठेवायच्या. त्यांवर ऊन पडले, की चूर्ण जागे होते. स्वतः झिजत नाही. पण त्याच्याजवळ आलेला धागा आधी खरबरीत होतो, मग तुटतो, मग तुकड्याचा तुकडा होतो. अखेर नुसती हवा आणि पाणी उरते.

"डावीकडच्या बरणीत विहिरीचे पाणी जसेच्या तसे आहे. उजवीकडच्या बरणीत त्याच विहिरीचे पाणी, मागच्या खेपेला नेऊन पट्ट्यांसह कैक दिवस उन्हात ठेवलेले."

महाराजांनी दोन्ही बरण्यांकडे पाहिले. डावीकडच्या पाण्यात काहीतरी हलके चमकत होते. उजवीकडचे पाणी नुसते पाणी होते.

पंचांना त्याने हे आधीच दाखविले होते. विहिरीशेजारी उघडी, उथळ टाकी बांधायची, तिच्यात पट्ट्या बसवायच्या. पंच राजी होते. त्यांच्यातले वयोवृद्ध बाबगोंडा तर म्हणाले होते, "श्रेण्या, तुझ्या टाकीत आमची पापं पण घालून बघ की जरा. ऊन फुकटच आहे." सगळे हसले होते. केवळ महाराजांच्या संमतीचा प्रश्न उरला होता.

श्रेणिक त्यांचा जुना विद्यार्थी. पूर्वी महाराजांनी या गावी चातुर्मास केला, तेव्हा कॉलेजातला हा मुलगा रोज त्यांच्यापाशी पाठाला बसे. प्रश्न विचारण्यात त्याचा हात कोणी धरीत नसे. उत्तर मिळाले तरी त्याचे समाधान होत नसे. ते उत्तर त्याला आधीच ठाऊक असल्याचे महाराजांना कळले, म्हणजे होई.

"श्रेणिक."

"जी, महाराज."

"तुझे चूर्ण धागा तोडते."

"जी."

"त्याला धागा आणि जीव वेगळे ओळखता येतात?"

श्रेणिक थांबला. खोटे बोलण्याची त्याला सवय नव्हती. पुढे जे कळले त्यावरून वाटते, की न बोलण्याची मात्र होती.

"नाही," तो म्हणाला. "जवळ येईल त्याला ते तोडते."

"मग आधी कोण जातो?"

"…जीव आधी जातो, महाराज. धागा चिवट असतो."

 कावळा आला, बरण्यांकडे पाहून गेला.

पण श्रेणिक तयारीने आला होता. तो म्हणाला, की टाकीत जाणारे पाणी आधी आपल्या रीतीने गाळले जाईल. गाळण्यावर उरलेली जीवाणी विहिरीत परत जाईल. त्यानंतरचेच पाणी उन्हात ठेवायचे.

जीवाणी म्हणजे गाळण्यावर राहिलेले बारीक जीव. आपल्या तहानेपायी त्यांचे घर मोडू नये, म्हणून गाळणे पालथे करून, त्यावर गाळलेलेच पाणी ओतून, ते जीव ज्या पाण्यातून आले त्याच पाण्यात पोचवायचे. वरून फेकायचे नाही. उंचावरून पडलेला जीव मरतो. त्यासाठी तळाला कडी असलेली बादली असते. ती दोराने हळूहळू उतरवायची, पाण्याला टेकली की दोराला झोल द्यायचा, मग ती आपोआप कलंडते. हे काम श्रेणिकला लहानपणी आव्वाने शिकविले होते. त्याने घाई केली, की ती त्याच्या मनगटावर टिचकी मारी.

"विचार करून आलास," महाराज म्हणाले.

"जी."

"टाकी बांध."

श्रेणिकला क्षणभर खरे वाटले नाही. एवढ्या लवकर ते हो म्हणतील, अशी त्याची कल्पना नव्हती. त्याच्याजवळची कित्येक प्रमाणे अजून सांगायची राहिली होती. तो वाकला. महाराजांनी मोरपिसांची पिंछी किंचित उचलून आशीर्वाद दिला. तेवढ्यानेही त्यांचा हात थकला.

मग त्यांनी विचारले,

"पण हे धागे येतात कोठून?"

श्रेणिक सांगू लागला. धागे कोठून येत नाहीत, हेच विचारावे. कपड्यांतून, दोरखंडांतून, गाड्यांच्या टायरांतून, पावसातून. डोंगरावरच्या बर्फात सापडले आहेत. समुद्राच्या तळाशी सापडले आहेत. सगळे जगच…

"जग राहू दे," महाराज म्हणाले. "या विहिरीत?"

श्रेणिकने विहिरीकडे पाहिले.

"तिला झाकण आहे. तिच्यात ओढा येत नाही. तिच्या काठी कोणी धूत नाही."

"…जी."

"तू धागा पाहिलास. भिंगाखाली पाहिलास. तुला तो ओळखता आला नाही?"

उन्हाची कड बरण्यांवरून सरकत होती. श्रेणिकने बरणी थोडी उन्हात ओढली. तिला त्याची गरज नव्हती.

"ओळखता आला, महाराज."

मग त्याने मान खाली घालून, हळू आवाजात, सगळे सांगितले.

महाराजांच्या त्याच चातुर्मासात त्याचे वडील वारले होते. त्यांच्या नावाने सोनाक्काने दान करायचे ठरविले. भांडी नकोत, जेवण नको. गावातल्या प्रत्येक जैन घराला एक गाळणे द्यायचे. पाणी गाळणे हा पहिला आचार. नवऱ्याच्या नावाने रोज सकाळी घराघरात जीव वाचतील, याहून मोठे पुण्य कोणते. त्याच दिवसांत महाराज प्रवचनात म्हणाले होते, की कापडाची वीण जितकी दाट, तितका बारीक जीव वाचतो. म्हणून सोनाक्काने खादी घेतली नाही. बाजारात जाऊन, उन्हाकडे धरून धरून, सर्वांत दाट विणीचे कापड तिने निवडले. शुभ्र, मऊ, धुतले की लगेच वाळणारे, वर्षानुवर्षे न फाटणारे. ते टेरिकॉट होते, प्लास्टिकचा धागा मिसळून विणलेले. ते कशाचे बनते, हे विचारण्याचे तिला कारण नव्हते.

तेव्हापासून गाव त्याच गाळण्यांनी पाणी गाळीत होते. दर सकाळी दर घरची बाई गाळणे पालथे करी, त्यावर पाणी ओती, एकही जीव चिकटून राहू नये म्हणून त्यावर बोटे फिरवी आणि धुवण कडीच्या बादलीत घालून विहिरीत सोडी. बोटाबरोबर धागा सुटे. जिचा आचार जितका चोख, तितके तिचे धागे अधिक.

सोनाक्काचा आचार सर्वांत चोख होता.

"मागच्या खेपेला मी तिच्या गाळण्याची दशी नेऊन ताडून पाहिली," श्रेणिक म्हणाला. "तोच धागा. दुसरा नाही."

महाराजांनी डोळे मिटले होते. ते ऐकत होते की नाही, हे कळत नव्हते.

"तिला सांगितलेस?"

"नाही."

"सांगणार आहेस?"

"नाही, महाराज."

त्याचा बेत पक्का होता. टाकी झाली की धागे नाहीसे होतील. जुनी गाळणी तो एकेका घरातून गोळा करील आणि नवीन दान म्हणून खादीची देईल. कारण कोणी विचारणार नाही. आव्वाने वडिलांच्या नावाने केलेले पुण्य पुण्यच राहील. आपल्या हाताने तिने विहीर नासविली आणि गुरूंच्या ओंजळीत रोज तेच घातले, हे तिला कळले, तर ती अन्न सोडील. तो आपल्या आईला ओळखत होता.

"आणि टाकी होईपर्यंत?"

"तोवर… तोवर ती समजेल, की तिची दृष्टी अधू झाली."

"हे तिला सोसेल?"

 विहिरीकडून रहाटाचा आवाज आला. श्रेणिक प्रवासातून तहानलेला आला होता. त्याच्यासाठी सोनाक्का पाणी शेंदत होती. चौक्याचे पाणी भरण्याचा अधिकार तिने सोडला होता, मुलाचे पाणी भरण्याचा नव्हे.

"तुझे चूर्ण," महाराज म्हणाले, "अंधारात काय करते?"

"काही नाही. पट्टीवर नुसते बसून राहते."

"किती दिवस?"

"कितीही दिवस, महाराज. अंधारात त्याचा काही उपयोग नाही."

 महाराज आव्वाविषयी विचारीत होते, हे श्रेणिकला कळले. त्याची कानशिले तापली. महाराजांपुढे तो तोवर कधी आवाज चढवून बोलला नव्हता. तेव्हाही त्याचा आवाज चढला नाही, कोरडा झाला.

"उजेडाला धागा आणि जीव वेगळे ओळखता येत नाहीत, हे आपण आत्ताच माझ्याकडून वदवून घेतलेत. जीव आधी जातो, हेही. …आव्वा जीव आहे, महाराज."

उत्तर म्हणून ते चोख होते. शिष्याने असे उत्तर दिले की गुरूला संतोष वाटावा आणि भयही वाटावे.

महाराजांनी समोरच्या जमिनीकडे पाहिले.

"…खरे आहे," ते म्हणाले.

आणि थोड्या वेळाने:

"तिला बोलाव. गाळणे घेऊन ये म्हणावे."

श्रेणिक उठला नाही. तो महाराजांच्या मुद्रेकडे पाहत राहिला. तेथे काही नव्हते. मग त्याने विहिरीकडे तोंड करून हाक मारली.

सोनाक्का आली. स्त्रियांनी मुनीपासून सात हात अंतर ठेवावे, असा दंडक आहे. तेवढ्या अंतरावर ती थांबली आणि वाकून नमोस्तु म्हणाली. तिचेही ओठ कोरडे होते. महाराजांना अंतराय झाला, की ती त्या दिवशी पाणी घेत नसे. हे गावात कोणाला ठाऊक नव्हते आणि श्रेणिकने विचारले नव्हते. एका हातात कडीची बादली होती, दुसऱ्या हातात नुकतेच पाणी गाळलेले, आत घडी घातलेले, ओले गाळणे. जीवाणी अजून सोडायची होती.

गाळणे मागविले याचा तिने एकच अर्थ घेतला.

"न्या, महाराज," ती म्हणाली. "माझ्या हातचं पाणी नको, हे बरोबरच हाय. नजर राहिली न्हाई माझी. पोराला उगाच बोलावून घेतलं लोकांनी."

महाराजांनी हात पुढे केला नाही. वस्त्र सोडलेला तो माणूस वस्त्राला हात लावीत नसे. ते श्रेणिककडे वळले.

"तू घे. उघड. उन्हाकडे धर."

"महाराज…"

"धर."

श्रेणिकने आईच्या हातून गाळणे घेतले. घडी उलगडली. दोन कोपरे दोन हातांत धरून ते उन्हासमोर उचलले. 

कडेचे कापड पांढरे, दाट होते. त्यातून ऊन दिसत नव्हते. मधोमध, जेथे इतकी वर्षे पाण्याची धार पडली होती आणि बोटे फिरली होती, तेथे ताटाएवढा गोल होता. त्या गोलातून ऊन सरळ आरपार येऊन श्रेणिकच्या छातीवर पडले होते.

"लवकर करा, महाराज," सोनाक्का म्हणाली. "वाळंल. जीवाणी हाय त्यात."

"सोनाक्का," महाराज म्हणाले, "हे गाळणे मधे विरले आहे."

"व्हय जी. पण फाटलं न्हाई अजून. लई टिकाऊ कापड. ह्यांच्या नावाचं."

"मधले कापड कोठे गेले?"

तिला प्रश्न कळला नाही. ती गाळण्याकडे पाहू लागली. त्या प्रकाशाच्या गोलाकडे. मग मुलाच्या छातीवर पडलेल्या उन्हाकडे. मग ओट्यावरच्या बरणीकडे, जिच्यात काहीतरी बारीक, पांढरे चमकत होते. तिची दृष्टी चांगली होती. सात हातांवरून तिला ते दिसले.

श्रेणिकने गाळणे खाली घेतले. फार उशीर झाला होता.

"…हिरीत," सोनाक्का म्हणाली.

तिने वळून विहिरीच्या झाकणाकडे पाहिले.

"समद्या घरांनी. मीच वाटली होती."

तिने कडीची बादली जमिनीवर ठेवली. आवाज होऊ नये अशी ठेवली. मग ती खाली बसली.

"ह्यांच्या नावानं वाटली होती, महाराज…"

श्रेणिक आईकडे जाऊ लागला. महाराजांनी पिंछीने त्याला थांबविले.

"सोनाक्का. दाट कापड घ्या, असे प्रवचनात कोण म्हणाले होते?"

तिने पदर तोंडावर ओढला.

"कोण म्हणाले होते?"

"…आपण."

"ते कापड कशाचे असावे, हे आम्ही सांगितले होते?"

"न्हाई."

"तू ते आशीर्वादासाठी आमच्यासमोर ठेवलेस, तेव्हा ते कशाचे आहे, असे आम्ही विचारले होते?"

तिने मान हलविली. पदराने तोंड झाकले होते. आता ती रडत होती, पण आवाज नव्हता.

"आम्ही वस्त्र सोडले," महाराज म्हणाले. "मग वस्त्राविषयी बोलायला नको होते."

ते सावकाश उठू लागले. उठता येईना. पुन्हा बसले. बसण्यापूर्वी त्यांनी पिंछीने जागा झाडली. तेवढे ते विसरले नाहीत.

"उद्या आम्ही आहाराला उठणार नाही. आचार्य दूर आहेत. त्यांना निरोप जाईल. ते आणखी काय प्रायश्चित्त सांगतील, ते नंतर."

श्रेणिक त्यांच्या पायांशी आला. त्याने सांगितले, की वैशाख आहे, इतके दिवस पोटात पुरेसे पाणी नाही, या वयात शरीर एवढे सोसणार नाही. दोष कोणाचा, हे मोजायचेच तर त्याचाही मोजावा. त्याला कळूनही तो गप्प राहिला होता. त्याने उजवीकडची बरणी उचलून पुढे धरली. यात एकही धागा नाही. उद्या एक ओंजळ, एकच… नंतर हवे ते प्रायश्चित्त घ्यावे.

महाराजांनी बरणीकडे पाहिले. ते पाणी खरोखर सुंदर होते. त्यांना तहान लागली होती, हे त्यांनी लपविले नाही.

मग ते सोनाक्काकडे पाहून म्हणाले,

"गाळणे वाळते आहे."

सोनाक्काने पदर बाजूला केला. सवयीने ती उठली, बादलीकडे वाकली, आणि वाकलेलीच राहिली. हात पुढे जाईनात.

"मी कशी सोडू आता?" ती म्हणाली. "जीव हाय म्हणून सोडायचं, तर त्यात धागं हाईत. धागं हाईत म्हणून न्हाई सोडलं, तर जीव मरतोय. महाराज, मी काय करू?"

महाराज बोलले नाहीत.

सोनाक्का तशीच वाकलेली होती. गाळण्याची कड उन्हाने पांढरी पडू लागली होती.

श्रेणिक उठला. त्याने गाळणे बादलीच्या तोंडावर पालथे घातले. त्यावर ओतायला पाणी हवे होते. सोनाक्काने नुकतेच गाळलेले पाणी घागरीत होते. पण त्यात आता आणखी धागे असणार, हे तिघांनाही कळत होते. त्याने इकडेतिकडे पाहिले. मग ओट्यावर जाऊन त्याने ती उजवीकडची बरणी आणली.

त्या बरणीसाठी त्याने आपल्या तारुण्याची वर्षे घातली होती. तिच्यावर त्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी होती.

त्याने झाकण काढले आणि पट्ट्या बाहेर ठेवल्या. मग ते पाणी बारीक धारेने गाळण्यावर ओतले. बोट फिरविले नाही. धार पुरेपर्यंत ओतले. बरणी रिकामी झाली.

आवारात आता बाळाबाई येऊन उभी होती. कशासाठी आली होती कोण जाणे. 

श्रेणिकने विहिरीचे झाकण उघडले. बादली दोराला अडकविली आणि कठड्यावरून आत सोडली. खाली अंधार होता. त्याच्या तळाशी पाण्याचा एक लहानसा, थरथरणारा उजेड होता. दोर हातातून सरकू लागला. मध्येच तो थांबला. बादली अधांतरी राहिली.

आईकडे पाहण्याचे धैर्य त्याला झाले नाही. त्याने ओट्याकडे पाहिले. महाराज तेथे बसले होते. डोळे उघडे, ओठ फुटलेले, आणि त्यांच्यासमोर आता एकच बरणी, धाग्यांची.

"महाराज," तो म्हणाला, "यात जीवही आहेत… धागेही आहेत… सोडू?"



"हळू सोड."